पांढऱ्या ठिपक्यांवर 100 वॉटचा हीटर: घ्यावा का?

टाकीतल्या माशाच्या अंगावर रव्याचे कण चिकटल्यासारखे ठिपके, खडीला अंग घासणं, भराभर हलणारे कल्ले: हा इच, म्हणजे परजीवीमुळे होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. मॅलाकाइट ग्रीन या औषधाची बाटली उघडण्याआधी पाण्यात बुडणारा, थर्मोस्टॅटवाला साधा काचेचा हीटर वापरून बघाच. गोड्या पाण्यातल्या मोली, गप्पी, टेट्रांसाठी तो उत्तम. गोल्डफिशसाठी घेऊ नका, त्यांना इतकी उष्णता सोसत नाही.

24×12×12 इंचाच्या टाकीत खडी वजा जाता साधारण 50 लिटर पाणी राहतं. तिला 100 वॉट पुरे. थर्मोस्टॅट अडकला तर 300 वॉटचा हीटर बघता बघता मासे शिजवतो. डायलवर तर भरवसा नकोच, त्याच्या 30 वर पाणी 28 असू शकतं किंवा 32. समोरच्या कोपऱ्यात वेगळा थर्मामीटर लावा. हीटर फिल्टरच्या प्रवाहात ठेवा, खडीत पुरू नका.

तापमान दर सहा-आठ तासांनी एक अंश, असं 30 पर्यंत न्या. माशाच्या त्वचेखालचा परजीवी उष्णतेने लवकर पिकून गळतो, तळाशी चिकटतो आणि शेकडो पिल्लं सोडतो. ती या उष्णतेत पोहत असतानाच मरतात. ठिपक्यात बसलेल्याला औषधही पोचत नाही. म्हणून पहिल्या दोन दिवसांत ठिपके वाढले तरी घाबरू नका. शेवटचा ठिपका गेल्यावरही सात दिवस 30 अंश कायम ठेवा. फसगत इथेच होते: मासा स्वच्छ दिसला की लोक हीटर काढतात.

एअर पंप मात्र हवाच. 25 अंशांना लिटरमध्ये साधारण 8.2 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 ला 7.5, आणि कल्ले आधीच दुखावलेले असतात.

सोबत खडे मीठ, लिटरला 2 ग्रॅम. म्हणजे 100 ग्रॅम, टाकीच्याच पाण्यात विरघळवून दीड दिवसात तीन हप्त्यांत. लोच, कोरीडोरास असे तळाशी राहणारे मासे असतील तर निम्मंच. नाजूक वनस्पती मिठाने कोमेजतात. रोज सायफनने तळ ओढून 10 लिटर पाणी काढा, त्याच तापमानाचं क्लोरीन घालवलेलं पाणी भरा, त्यात 20 ग्रॅम मीठ. पाणी काढण्याआधी 15 मिनिटं हीटर बंद करा, नाहीतर त्याची तापलेली काच उघडी पडून तडकते.

विदर्भातल्या मे महिन्यात पाणी आपोआपच तिशी गाठतं, तेव्हा हीटर लागत नाही. पुण्याच्या डिसेंबरात टाकीवर झाकण ठेवा, नाहीतर 100 वॉट अपुरे पडतात.