रिपेअर केलेला सेल्फ की नवा? गाडी आणि बोट, दोन्हीकडचा वापरानंतरचा अनुभव

निकाल आधी सांगतो. गाडीत जुनाच सेल्फ, म्हणजे इंजिन चालू करणारी स्टार्टर मोटर, दुरुस्त करून बसवला, ते बरोबर ठरलं. मामांच्या बोटीवर नवा घेतला, तेही बरोबर ठरलं. उलट केलं असतं तर गाडीत पैसे वाया गेले असते आणि बोटीवर मामांच्या शिव्या खाव्या लागल्या असत्या. दोन्ही कामं गेल्या मे महिन्यात झाली. मधे पावसाळा गेला, ऑक्टोबरचा उकाडा गेला, मासेमारीचा अर्धाअधिक हंगामही उरकला. तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

गाडी म्हणजे अंधेरीत सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी राहणारी, दहा वर्षं जुनी, मॅन्युअल गिअरची छोटी पेट्रोल गाडी. चावी फिरवली की एकच ‘टक’, पुढे शांतता. पुन्हा फिरवली की कधी चालू, कधी परत ‘टक’, आणि कधी तर तेही नाही. नाक्यावरच्या मेकॅनिकने बोनेट न उघडताच सांगितलं, “बॅटरी गया, साहब.” बॅटरी जेमतेम वर्षाची होती.

आवाजावरून बरंच कळतं. ‘टकटकटकटक’ असं भराभर वाजलं तर बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते किंवा तिचं टर्मिनल सैल असतं. सोलेनॉइड, म्हणजे सेल्फला करंट जोडून देणारा विजेचा खटका, ओढला जातो, व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो, परत ओढला जातो. सेल्फ नुसताच घूं करून मोकळा फिरला आणि इंजिन हललंच नाही, तर बेंडिक्स, म्हणजे सेल्फचं दातेरी चाक इंजिनाशी जुळवणारा भाग, घसरतोय. घर्र आवाज आला तर फ्लायव्हीलच्या (सेल्फ ज्याला फिरवतो त्या इंजिनाच्या चाकाच्या) रिंगचे दात पाहा, आणि त्याआधी सेल्फचे बोल्ट सैल नाहीत ना ते पाहा. एकच ‘टक’ मात्र फसवं. बॅटरी, अर्थिंग (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाण्याची वाट), सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट, कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला घासून वीज देणारे ठोकळे), यातलं काहीही असू शकतं. इथे मीटर लावल्याशिवाय बोलणं म्हणजे शुद्ध अंदाजपंचे.

साधं मल्टिमीटर पुरतं. इंजिन चालू होऊ नये म्हणून फ्युएल पंपाचा फ्यूज काढला, गाडी न्यूट्रलमध्ये घातली, हँडब्रेक ओढला. बायको चावीवर, मी बोनेटखाली. बॅटरी शांत असताना १२.५ व्होल्ट. चावी फिरवून ‘टक’ झालं तेव्हा १२.३. सगळं गुपित या दुसऱ्या आकड्यात आहे. छोट्या गाडीचा सेल्फ इंजिन फिरवताना शंभर-दीडशे अँपिअर सहज ओढतो, आणि तेवढा करंट गेला की बॅटरी दहा-अकरा व्होल्टपर्यंत खाली यायलाच हवी. ९.६ च्याही खाली गेली तर बॅटरीत दम नाही किंवा सेल्फ जाम आहे. आमची बॅटरी जागची हललीच नाही, म्हणजे करंट जातच नव्हता. बॅटरी निर्दोष सुटली.

मग सोलेनॉइडवर गेलो. त्याच्यावर दोन जाड बोल्ट असतात, एकावर बॅटरीची केबल येते, दुसऱ्यावरून मोटरच्या पोटात जाते. ‘टक’ झाल्यावर पहिल्यावर व्होल्टेज आणि दुसऱ्यावर शून्य असेल, तर आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळलेत. आमच्याकडे दोन्हींवर बारा होते. वीज मोटरच्या दारापर्यंत पोहोचते आणि मोटर फिरत नाही, म्हणजे कार्बन. कधीकधी ‘टक’सुद्धा का होत नव्हतं, तेही यातच आलं. सोलेनॉइडची ओढणारी कॉइल आपलं अर्थिंग मोटरच्या कार्बनमधूनच घेते. तिथे संपर्क तुटला की ओढच लागत नाही. पान्याच्या मुठीने सेल्फच्या बॉडीवर हलकेच टकटक केलं आणि गाडी चालू झाली, तेव्हा खात्रीच पटली. हलकेच हे महत्त्वाचं. हल्लीच्या बऱ्याच सेल्फमध्ये कायमचुंबक असतात, हातोडा हाणला तर त्यांचे तुकडे पडतात.

दुरुस्ती कुर्ल्याला सीएसटी रोडच्या बाजूच्या एका सेल्फ-डायनॅमोवाल्याकडे केली. समोर उघडून घेतला. दोन कार्बन पार झिजून गेलेले, कम्युटेटरवर (कार्बन ज्या तांब्याच्या पट्ट्यांवर घासतात त्यावर) चर पडलेली. नवे कार्बन घालून मोकळं होणारे बरेच असतात, आणि मग सहा महिन्यांत तेच रडगाणं. याने आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, लेथवर लावून कम्युटेटर साफ केला, तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक खाली कोरला, शाफ्ट ज्यांत फिरतो ते दोन्ही बुश तेलात भिजवून बसवले. सोलेनॉइड मी हट्टाने नवा घालायला लावला. त्यावर तो “अच्छा है, चलेगा” म्हणत होता, पण एवढं खोलल्यावर तेवढ्यासाठी कंजूषपणा कशाला? सगळा खर्च नव्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शात बसला. एक मात्र सांगतो, बाकावर वायर लावून सेल्फ गरकन फिरवून दाखवतात, त्यावर भाळू नका. भार नसताना अर्धमेला सेल्फही झोकात फिरतो. खरी परीक्षा इंजिनाला लागल्यावरच.

एवढ्या महिन्यांनंतर गाडीचा सेल्फ पहिल्या चावीला घेतो. जुलैत आठवडाभर पावसात भिजत उभी होती, तरी काही नाही. इंजिन कडक तापलेलं असताना शेवटी किंचित कुंई असा आवाज उरतो, तो आधी नव्हता. बहुधा नव्या बुशचा असावा. वाढलेला नाही, म्हणून हात लावला नाही.

आता बोट. बोट वेसाव्याची (वर्सोव्याची), डोल जाळ्यावर बोंबलाला जाणारी. ट्रकच्या घराण्यातलं सहा सिलिंडरचं डिझेल, दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट. तक्रार अशी की सकाळी थंड असताना कसाबसा फिरतो, आणि समुद्रात इंजिन एकदा बंद केलं की गरम असताना आळसटतो. गाडीला निदान चार पोरं धक्का मारतात. खोल पाण्यात धक्का कोण मारणार? मामा म्हणाले, “बॅटऱ्या नव्या घातल्या, त्याला आता सेल्फच नवा लागतो.” बरोबर होतं, पण अर्धंच.

स्टॉप लिव्हर ओढून धरला, म्हणजे डिझेल बंद, आणि बोट चालवणाऱ्या तांडेलाला बटण दाबायला सांगितलं. बॅटऱ्यांवर २२ व्होल्ट, सेल्फच्या बोल्ट आणि बॉडीमध्ये साडेसतरा. साडेचार व्होल्ट वाटेतच गडप. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, दुसरी सेल्फच्या बॉडीवर, आणि पुन्हा बटण. तीनच्या वर! चांगल्या अर्थिंगमध्ये हा आकडा पाव-अर्ध्या व्होल्टच्या आसपास हवा. पिन खुंटावरच टेकवायची, क्लॅम्पवर नाही, कारण दोष नेमका त्या दोघांच्या मधे असू शकतो.

केबल वरून धडधाकट दिसत होती. थिंबलजवळ, म्हणजे केबलच्या टोकाच्या कडीजवळ, रबर कापलं तर आत तांबं काळंहिरवं, चुरा होणारं. खाऱ्या हवेत हेच होतं. ओलावा तारांमधून आत आत चढत जातो. आधीच्या वायरमनने ही केबल ओहमवर, म्हणजे रोध मोजून, तपासून ‘ओके’ सांगितली होती, आणि ती ओहमवर ओकेच दिसणार. तीनशे अँपिअर करंटला शंभरावा भाग ओहमसुद्धा तीन व्होल्ट गिळतो, आणि साध्या मीटरच्या पिनांचाच रोध त्याच्या कितीतरी पट असतो. एक धागा जिवंत असला तरी मीटर आनंदाने पीं वाजवतं. म्हणून केबल तपासायची ती भार चालू असताना, व्होल्टवर. या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

केबल बदलली. साध्या तांब्याऐवजी कथिलाचा मुलामा दिलेल्या तारांची घेतली, थिंबल दाबून वर आतून गोंद असलेली, तापवली की आवळणारी नळी बसवली, इंजिनावरची अर्थिंगची जागा रंग खरवडून चकचकीत केली. सेल्फ लगेच जोरात फिरू लागला. पण गरम झाल्यावरचा आळस राहिलाच. उघडला तेव्हा बुश इतके झिजलेले की आर्मेचर आत भोवतालच्या स्थिर पोलवर घासत होतं, बेंडिक्सच्या शाफ्टवर गंज, कार्बनच्या घरात मीठ. हा माल गाडीत असता तर दुरुस्त केला असता. बोटीत सेल्फ इंजिनाच्या खालच्या अंगाला, तळातल्या पाण्याच्या शिंतोड्यांत राहतो. तिथे बंदिस्त बॉडीचा नवाच हवा, असं माझं मत.

नवा गिअर रिडक्शनचा आहे. आत छोटी, वेगाने फिरणारी मोटर आणि पुढे गिअर, त्यामुळे वजनाला हलका आणि करंट कमी खातो. आवाज मात्र वेगळा, किरटा. मामांना तो अजून आवडत नाही. “पहिला कसा मर्दासारखा बोलायचा,” म्हणतात. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बोट शाकारून ठेवली होती. त्या दोन महिन्यांच्या दमट हवेत पिनियन (सेल्फचं पुढचं दातेरी चाक) शाफ्टवर धरेल अशी मला धास्ती होती, म्हणून मधूनमधून जाऊन क्षणभर फिरवून यायचो. ऑगस्टमध्ये पहिल्या बटणाला घेतलं. तेव्हापासून तक्रार नाही, गरम असतानाही नाही. नावडलेली गोष्ट एकच. एवढी किंमत घेऊन सोबत दिलेले नट साध्या लोखंडाचे, ते दिवाळीआधीच लाल पडले. वर ग्रीस फासून ठेवलंय.

ज्यांच्याकडे पेट्रोलची स्पीडबोट आहे त्यांनी पैसे वाचवायला गाडीचा सेल्फ बोटीत अजिबात बसवू नये. दिसायला सारखा असतो, पण कार्बनची ठिणगी बाहेर पडणार नाही अशी त्याची बांधणी नसते. तळात पेट्रोलची वाफ साठली असेल तर पुढचं सांगायला नको. आणि ज्यांचा एक्झॉस्ट समुद्राच्या पाण्याने थंड होतो, त्यांनी इंजिन घेत नसताना सेल्फ मारत राहायचा असेल तर पाण्याचा कॉक बंद करावा. नाहीतर पंप पाणी भरत राहतो, धूर नसल्याने ते बाहेर फेकलं जात नाही आणि उलटं सिलिंडरमध्ये येतं. मामांच्या बोटीचा धूर वरच्या कोरड्या पाईपातून जातो, म्हणून आमची त्यातून सुटका.

गाडीवाल्यांसाठी त्याचंच दुसरं रूप म्हणजे अंधेरी सबवे. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली आणि नंतर नुसतं ‘टक’ येत असेल, तर सेल्फला दोष देऊ नका, आणि परत चावीही फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढायला लावा.

सुटा सेल्फ ऑपेरा हाऊसच्या बाजूला स्पेअर पार्टच्या दुकानांत मिळतो. ल्युकास टीव्हीएस, बॉश ही नावं सर्रास दिसतात, त्यांच्या नकलाही. जुना सेल्फ बरोबर न्यायचा आणि काउंटरवर शेजारी ठेवून पिनियनचे दात मोजायचे, फिरण्याची दिशा, बोल्टची भोकं, व्होल्ट बघायचे. एक दात कमी-जास्त असला तर “चालून जाईल” म्हणणारा भेटतो. तो चालत नाही, फ्लायव्हीलची रिंग खातो, आणि रिंग बदलायची म्हणजे गिअरबॉक्स उतरवणं आलं. जुना सेल्फ बदल्यात देऊन थोडे पैसे सुटतात. गाडीचा प्रश्नच नव्हता, बोटीचा दिला नाही. बुश आणि कार्बन घालून, ग्रीस लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून तो केबिनच्या फळीवर ठेवलाय, आणि त्याच्या मापाचा पाना त्यालाच बांधून.