टी.वाय.च्या प्रोजेक्टला कांदा की काळी द्राक्षं?

विषय वनस्पतींतली ग्लुकोसाइडं (ग्लुकोज जोडलेली संयुगं) आणि कॉलेज नाशिकला, म्हणजे नमुन्यासाठी लांब जायला नको. एकीकडे लासलगावचा कांदा, दुसरीकडे निफाड-दिंडोरीची द्राक्षं. दोन्हींत रंगद्रव्याच्या रेणूला ग्लुकोज चिकटलेलं असतं. आम्लात उकळलं की ते सुटतं आणि मागे राहतो साखर नसलेला भाग, अग्लायकोन. हे तुटणं नीट कशात दाखवता येईल, एवढंच ठरवायचं आहे.

कोणीतरी कण्हेर सुचवेलच. नको. एक तर विषारी, त्यात तिच्या ओलिअँड्रिन या विषातली साखर ओलिअँड्रोज आहे, ग्लुकोज नव्हे. म्हणजे ते ग्लायकोसाइड (कुठलीही साखर जोडलेलं संयुग) झालं, ग्लुकोसाइड नाही. व्हायवात नेमके इथेच अडकाल.

द्राक्ष घ्यायचं तर शरद सीडलेससारखं काळं. थॉमसनच्या हिरव्या मण्यात हा रंग नसतो. रंग सालीत असतो आणि त्यात बहुधा माल्विडिन-३-ग्लुकोसाइड या रंगद्रव्याचा वाटा मोठा. वेल डॉगरिज या अमेरिकन खुंटावर कलम केलेली असली तरी फळ व्हिनिफेरा या युरोपीय द्राक्षजातीचंच, म्हणून रेणूला एकच ग्लुकोज. काही अमेरिकन जातींत दोन ग्लुकोजवालीही सापडतात. प्रयोग दिसायला झकास होतो. आम्लात अर्क लालभडक. त्यावर अमाइल अल्कोहोल ओतून हलवलं तर रंग बराचसा खालच्या पाण्यातच राहतो. उकळून ग्लुकोज तोडलं की तोच रंग वरच्या थरात चढतो. बघणारे खूश! पण हा रंग उष्णतेने, उजेडाने उडतो, आणि ताजा माल जानेवारी ते एप्रिलच.

कांदा दिसायला बापुडा, नुसता पिवळट अर्क. तरी मी कांद्याच्या बाजूचा. त्यात मुख्यतः क्वेर्सेटिन या पिवळ्या रंगद्रव्याची दोन ग्लुकोसाइडं, एकात एक ग्लुकोज आणि दुसऱ्यात दोन. टीएलसी प्लेटवर (पातळ थरावर द्रावकाने घटक वेगळे करायची पट्टी) आधी दोन ठिपके खाली, हायड्रोलिसिसनंतर, म्हणजे आम्लात उकळून ग्लुकोज तोडल्यावर, एक ठिपका वर. शिवाय साठवणीच्या चाळीतला उन्हाळ कांदा पावसाळ्यातही मिळतो. पांढरा मात्र घेऊ नका, त्यात क्वेर्सेटिन जवळपास नसतंच. (डोळ्यांत पाणी आणतात ती गंधकाची संयुगं. त्यांचा इथे संबंध नाही.)

माझी फजिती सांगतो. भाजीवाल्याकडे टरफलं फुकट मिळतात म्हणून पिशवीभर आणली. तीन दिवस उकळाउकळ केली, पण ठिपका आधी जिथे तिथेच नंतर. कारण पापुद्रा सुकतानाच ग्लुकोज सुटून गेलेलं असतं. टरफलात उरतं ते बहुतांश मोकळं क्वेर्सेटिन. ग्लुकोसाइड हवं तर टरफलाखालचे पहिले एक-दोन रसरशीत पापुद्रे घ्या आणि चिरल्या चिरल्या गरम अल्कोहोलमध्ये टाका. चिरून ठेवलात तर कांद्याचेच एन्झाइम ते तोडायला लागतात.

सुटलेलं ग्लुकोज फेहलिंगने (साखर ओळखायच्या निळ्या द्रावणाने) दाखवायचं असेल तर दोन्हींत एकच खोडा. मोकळी साखर आधीच इतकी असते, द्राक्षात तर फारच, की हायड्रोलिसिसआधीच तांबडा साका बसतो. कांद्याचा अर्क आटवून पाण्यात घ्या आणि इथाइल ॲसिटेटने हलवा. एक ग्लुकोजवालं वर येतं, मोकळी साखर खाली पाण्यात राहते. फेहलिंग त्या वरच्या थरावर करा, तो आटवून आम्लात उकळल्यावर. आणि आम्ल आधी सोड्याने मारायला विसरू नका.