जंप अवर घड्याळाच्या खरेदीत झालेली फसवणूक

ज्या घड्याळाला तासकाटा नसतो, तासाचा आकडा एका लहानशा खिडकीत दिसतो आणि साठावे मिनिट पूर्ण होताच तो झटक्यात बदलतो, अशी जुनी ‘जंप अवर’ घड्याळे जमवू इच्छिणाऱ्यांनी पैसे देण्यापूर्वी हा अनुभव वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ऑस्ट्रियाच्या योसेफ पालवेबर यांनी १८८३ साली या रचनेचे पेटंट घेतले आणि लवकरच आयडब्ल्यूसी या स्विस कंपनीने तशी खिशातली घड्याळे काढली. १९२८ मध्ये कार्टिए या फ्रेंच कंपनीचे ‘टँक आ गिशे’ हे याच प्रकारचे मनगटी घड्याळ आले. पुढे १९७० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्येच याच थाटाची, पण अगदी स्वस्त घड्याळे मोठ्या प्रमाणावर बनली. या दोन काळांतील घड्याळांच्या किमतीत जे प्रचंड अंतर आहे, त्यावरच ही फसवणूक चालते.

मला ऑनलाइन विकलेले घड्याळ ‘१९३० च्या सुमाराचे, आजोबांच्या वापरातले’ असल्याचे सांगण्यात आले होते आणि त्यावर एका नामांकित स्विस कंपनीचे नाव होते. किंमत बाजारभावापेक्षा किंचितच कमी ठेवलेली असल्याने संशयाला जागा नव्हती. मशीनचे छायाचित्र मागितले तेव्हा, झाकण उघडल्यास आत धूळ जाईल, असे विक्रेत्याने अत्यंत नम्रपणे सांगितले.

पुण्यातील एका अनुभवी घड्याळजींनी ते झाकण उघडले, तेव्हा आत बाउमगार्टनर कारखान्याची ‘बीएफजी’ ही खूण असलेले, सत्तरच्या दशकातले मशीन निघाले. चांगल्या मशीनमध्ये चक्राच्या दात्यांना अडवण्या-सोडवण्यासाठी माणकाचे खडे बसवलेले असतात. येथे त्यांच्या जागी पोलादी पिना होत्या. त्या नामांकित कंपनीच्या घड्याळात असे मशीन असण्याचे काहीच कारण नव्हते. भिंगाखाली पाहता दर्शनी पट्टीवरील जुन्या ओरखड्यांत नावाची शाई उतरलेली स्पष्ट दिसली, म्हणजे ओरखडे आधीचे आणि नाव नंतरचे.

काट्यांच्या घड्याळात डायल, आकडे आणि काटे या सर्वांचा मेळ बसवावा लागतो. जंप अवरच्या दर्शनी भागावर मात्र बहुधा खिडक्या कापलेली एक साधी धातूची पट्टीच असते, त्यामुळे तिच्यावर नाव छापले की काम भागते. जुनी डायल पुन्हा रंगवणे हा काही गुन्हा नव्हे, आणि सत्तरच्या दशकातली ती साधी घड्याळेही आपल्या जागी मला प्रिय आहेत. परंतु त्यांना परक्याचे नाव चिकटवून विकणे ही उघड लबाडी आहे.

म्हणून झाकण उघडून काढलेले मशीनचे स्पष्ट छायाचित्र मिळाल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये. तसेच अठ्ठावन्नाव्या मिनिटापासून पुढच्या तासाच्या दुसऱ्या मिनिटापर्यंतचे सलग चित्रीकरण मागावे. आकडा उडी न घेता सावकाश सरकत असेल आणि विक्रेता त्याचा दोष वाळलेल्या तेलाला देत असेल, तर व्यवहार तेथेच थांबवावा, कारण अनेक स्वस्त घड्याळांत तासाची चकती मुळातच हळूहळू फिरणारी असते.

विक्रेत्याने माझा फोन क्रमांक ब्लॉक केल्यावर मी १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. रक्कम अद्याप परत आलेली नाही. त्यानंतर त्याच प्रकारची पट्टी असलेले आणखी एक घड्याळ, दुसऱ्याच कंपनीच्या नावाने, विक्रीस ठेवलेले माझ्या पाहण्यात आले आहे.