स्क्रिव्हनर : कादंबरी लिहायला आणि मोडायला एक नंबर, छापायला दुसरं काहीतरी बघा

सरळ मुद्द्यावर येते. कादंबरी लिहीत असाल, म्हणजे चार पानी कथा नाही, चांगला दोन-तीनशे पानांचा ऐवज, तर स्क्रिव्हनर घ्या. पहिला खर्डा आणि त्यानंतरची मोडतोड या दोन कामांसाठी मला याच्याइतकं चांगलं सॉफ्टवेअर सापडलेलं नाही. संपादकाबरोबर बसायची वेळ आली की मात्र वर्डमध्ये यावंच लागतं, आणि छापील पुस्तकाची मांडणी हे तर याचं कामच नाही, त्यामुळे एकाच ठिकाणी अथपासून इतिपर्यंत सगळं होईल या आशेने घेऊ नका.

हे बनवलं कीथ ब्लाउंट नावाच्या माणसाने. त्याला स्वतःला कादंबरी लिहायची होती, मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना म्हणून तो कोडिंग शिकला आणि स्वतःच बनवायला बसला. २००७ मध्ये मॅकवर आलं, २०११ मध्ये विंडोजवर आणि २०१६ मध्ये आयफोन-आयपॅडवर. अँड्रॉइडचं अ‍ॅप नाही, फोनवरच लिहायची सवय असेल तर हे आत्ताच लक्षात घ्या. सध्या व्हर्जन तीन चालू आहे. लिहिणाऱ्या माणसाने बनवलंय हे वापरताना पदोपदी जाणवतं, कारण यातल्या बहुतेक सोयी कादंबरी अर्ध्यावर आल्यावर जे प्रश्न पडतात त्यांच्यासाठीच आहेत.

मुख्य गोष्ट अशी की इथे कादंबरी ही एक फाइल नसते, तुकड्यांचा गठ्ठा असतो. डावीकडे बाइंडर नावाची पट्टी, त्यात प्रकरणांचे फोल्डर, फोल्डरमध्ये एकेक प्रसंग वेगळा. कुठलाही प्रसंग माऊसने उचलून कुठेही नेऊन ठेवा, एक तुकडा फार लांबला तर कर्सर आहे तिथून त्याचे दोन करा, दोन तुकडे एकच वाटायला लागले तर जोडून टाका. आणि सलग वाचायचं असेल तर फोल्डर निवडून स्क्रिव्हनिंग्ज मोड लावला की सगळे तुकडे एकाखाली एक लागून एकसंध मजकूर दिसतो, त्यातच टाइपही करता येतं. ऐकायला हे फार मोठं वाटत नाही, पण कादंबरी डोक्यात क्रमाने येतच नाही ना! शेवटचा प्रसंग आधी दिसतो, मधलं काहीच दिसत नाही, कुणीतरी दोन पात्रं भांडताना ऐकू येतात पण ती कुठल्या प्रकरणात भांडतायत ते माहीत नसतं. सलग फाइलमध्ये लिहिणारा माणूस अशा वेळी अडून बसतो, कारण पान ७० लिहिल्याशिवाय पान ७१ वर जायचं कसं. इथे ते भांडण लिहायचं, बाइंडरमध्ये तळाशी ठेवायचं आणि पुढे जायचं, जागा नंतर सापडते.

प्रत्येक तुकड्याला एक इंडेक्स कार्ड असतं, त्यावर दोन ओळींचा सारांश लिहायचा, आणि कॉर्कबोर्डवर ही सगळी कार्डं एकत्र मांडून बघता येतात. पुष्कळ जण ही कार्डं आधी भरतात आणि मग लिहितात. मी उलट करते, खर्डा संपल्यावर भरते आणि मला ती पद्धत जास्त उपयोगी वाटते. प्रत्येक कार्डावर एकच वाक्य, या प्रसंगात काय बदललं. काय घडलं ते नाही, काय बदललं ते. सध्याच्या कादंबरीत दोघी बहिणी वडिलांचं घर रिकामं करायला आल्यात. लिहिताना प्रत्येक खोलीचा प्रसंग मला वेगळा वाटत होता, माळ्यावरच्या ट्रंकेचा वेगळा, स्वयंपाकघरातला वेगळा, कपाटातल्या पत्रांचा वेगळा. कार्डं भरायला घेतली तर ओळीने तीन कार्डांवर तेच वाक्य आलं, थोरली चिडते आणि धाकटी गप्प बसते. तिन्ही प्रसंग सुटे वाचले तर चांगलेच होते, भाषाही बरी होती, पण गोष्ट जागेवरच उभी होती. मग पत्रांचा प्रसंग ठेवला, ट्रंकेतल्या दोन चांगल्या गोष्टी त्यात आणल्या, आणि स्वयंपाकघरात या वेळी धाकटीला बोलू दिलं. सलग पन्नास पानं वाचून हे कळायला कितीतरी वेळ लागला असता, कॉर्कबोर्डवर ते एका नजरेत दिसलं. या एका सोयीसाठीसुद्धा मी हे सॉफ्टवेअर घेतलं असतं.

दुसरी सोय स्नॅपशॉट. कुठल्याही प्रसंगाला हात लावण्याआधी त्याची त्या क्षणाची प्रत काढून ठेवायची, मग पाहिजे तेवढी कापाकापी करायची, नंतर जुनं आणि नवं शेजारी लावून काय काय बदललं ते रंगात दिसतं आणि नको वाटलं तर एका क्लिकवर जुनं परत येतं. पत्राच्या प्रसंगात आधी असं वाक्य होतं, ‘तिला खूप वाईट वाटलं आणि तिने पत्र घडी करून परत पाकिटात ठेवलं.’ नंतर झालं, ‘तिने पत्राची घडी होती तशीच घातली आणि ते परत पाकिटात ठेवलं.’ वाईट वाटलं हे सांगायची गरजच नव्हती, घडी होती तशीच घालण्यात ते सगळं आलं. पण खरी गंमत तुलना करताना कळते, कारण एका प्रसंगात असे पाच-सहा बदल रंगात एकत्र दिसले की आपली खोड आपल्याला दिसते, आपण दर वेळी भावना आधी सांगतो आणि कृती मागून आणतो. मग ती खोड पुढच्या प्रसंगांत शोधून काढायची. जुनं जपून ठेवलंय ही खात्री असली की कापताना हात थरथरत नाही, आणि कादंबरीत चांगलं संपादन म्हणजे बऱ्याच वेळा कापणंच असतं.

पहिला खर्डा लिहिताना मागे वळून दुरुस्त करत बसू नये असं बहुतेक लेखक सांगतात, पटतंही, पण करायचं कसं हा प्रश्न असतो. अचानक लक्षात येतं की अरे, धाकटीची नोकरी आधीच सुटलीय असं दाखवायला पाहिजे होतं. इथे त्या जागी कॉमेंट टाकायची, ‘नोकरी आधीच गेली, प्र. २ मध्ये पेरणे’, आणि नोकरी गेलीच आहे असं धरून पुढे लिहीत सुटायचं. प्रत्येक प्रसंगाला स्टेटस आणि रंगाचं लेबल देता येतं. मी लेबल कोणाच्या नजरेतून प्रसंग आहे त्यासाठी वापरते, मग बाइंडरकडे बघितलं की धाकटीचा रंग सलग कितीतरी प्रसंगांत गायब आहे हे लगेच दिसतं. संपादनाचेही थर असतात, आधी रचना, मग एकेक प्रसंग, मग वाक्यं आणि सगळ्यात शेवटी शुद्धलेखन, आणि जो प्रसंग उद्या उडणार आहे त्यातल्या वेलांट्या आज तपासण्यात काही अर्थ नाही. स्टेटसमध्ये हे थरच लिहून ठेवले तर कुठला प्रसंग कुठवर आलाय ते आउटलाइनरमध्ये, म्हणजे सगळ्या प्रसंगांच्या तक्त्यात, एका रकान्यात दिसतं.

शब्दांचं टार्गेटही लावता येतं, एकूण शब्द आणि शेवटची तारीख दिली की रोज किती लिहायचं ते तोच काढून देतो. मराठीत लिहिणाऱ्यांनी इथे एक लक्षात घ्या. शब्द मोजले जातात ते मधल्या मोकळ्या जागेवरून, आणि आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, ‘घरासमोरच्या’ हा आपल्याकडे एक शब्द. त्यामुळे इंग्रजी लेखकांचे आकडे आपल्याला लावून घेऊ नका. नॅनोरायमो म्हणून १९९९ साली सुरू झालेला एक उपक्रम होता, नोव्हेंबर महिन्यात ५०,००० शब्द, म्हणजे रोज साधारण १,६६७. २०२५ मध्ये ती संस्था बंद होत असल्याचं जाहीर झालं पण तो आकडा अजून सगळ्यांच्या तोंडी आहे. मराठीत तेवढ्या शब्दांत मजकूर जास्त भरतो. स्वतःचा वेग बघा, त्यावरून टार्गेट ठरवा.

आता जिथे हे कमी पडतं ते. दोघांनी एकाच वेळी एका मजकुरावर काम करायची सोय नाही. वर्डमधले ट्रॅक चेंजेस, म्हणजे केलेला प्रत्येक बदल खुणेसकट दाखवायची सोय, तेही इथे चालत नाहीत, आणि संपादक बहुतेक वेळा तेच वापरतात. म्हणजे संपादकाकडे पाठवायची वेळ आली की वर्डची डॉकएक्स फाइल काढायची आणि त्या दिवसापासून तीच फाइल खरी मानायची, स्क्रिव्हनरमधला मजकूर जुना झाला. दोन्हीकडे थोडं थोडं बदलत राहिलात तर कुठलं वाक्य ताजं हे कोणालाच सांगता येणार नाही. संपादकाने रचनाच हलवायला सांगितली तर त्याचे बदल मान्य करून झाल्यावर ती फाइल परत स्क्रिव्हनरमध्ये आणता येते. इम्पोर्ट अँड स्प्लिट म्हणून सोय आहे, प्रसंगांच्या मध्ये # सारखी खूण असेल तर तिथे तिथे तो आपोआप तुकडे करतो.

आणि कम्पाइल. तुकड्यांचं शेवटी एक पुस्तक करायचं त्याला इथे कम्पाइल म्हणतात, आणि नवीन माणूस सगळ्यात जास्त गोंधळतो तो इथेच. खिडकी उघडली की डावीकडे फॉरमॅट, मध्ये लेआउट आणि उजवीकडे तुमचे तुकडे. कल्पना अशी की आधी सांगायचं हे फोल्डर म्हणजे प्रकरण आहे आणि हा तुकडा म्हणजे प्रसंग आहे, मग प्रकरणाचं शीर्षक कसं दिसावं आणि दोन प्रसंगांमध्ये काय यावं ते लेआउटने ठरवायचं. एकदा ही विभागणी डोक्यात बसली की ताकद कळते, तोच मजकूर संपादकासाठी डबल स्पेसिंगमध्ये, वाचणाऱ्या मैत्रिणीसाठी पीडीएफमध्ये आणि फोनसाठी ईपबमध्ये, म्हणजे ई-बुकच्या फाइलीत, मूळ मजकुराला हात न लावता. पण ती बसेपर्यंत वैताग आहे, तेव्हा हस्तलिखित द्यायच्या आदल्या रात्री पहिल्यांदा कम्पाइल करायला बसू नका. खर्डा अर्धा असतानाच दोन प्रकरणं काढून बघा आणि पीडीएफमध्ये जोडाक्षरं नीट आलीत ना ते निवडलेल्या फॉन्टमध्ये तपासून घ्या.

ईपबचा माझा आवडता उपयोग प्रकाशनाच्या आधीचा आहे. पूर्ण खर्डा ईपब करून फोनवर वाचायचा, आडवं पडून, वाचक वाचतो तसा. अक्षर वेगळं, पान छोटं, मजकूर बदलता येत नाही, त्यामुळे कंटाळवाण्या जागा लगेच कळतात. स्वतःच ई-बुक काढणार असाल तर अ‍ॅमेझॉनच्या केडीपी या स्वप्रकाशनाच्या सेवेवर ईपब आणि डॉकएक्स दोन्ही चालतात आणि मराठी पुस्तकंही घेतात. छापील पुस्तकासाठी मात्र ओळींची जुळवणी, प्रकरणाच्या शेवटी एकटीच लोंबणारी ओळ, समासातली जागा हे सगळं बघणारा माणूस आणि त्याचं सॉफ्टवेअर वेगळं लागतं. प्रकाशक असेल तर तो ते करतोच, नसेल तर त्या कामासाठी वेगळा माणूस धरा.

बॅकअपबद्दल सांगितलंच पाहिजे. स्क्रिव्हनरचा प्रोजेक्ट एक फाइल वाटतो, पण आत बऱ्याच छोट्या फाइली असतात, म्हणून एकच प्रोजेक्ट एकाच वेळी दोन कॉम्प्युटरवर उघडायचा नाही आणि ड्रॉपबॉक्समध्ये असेल तर सिंक पूर्ण झाल्याशिवाय झाकण मिटायचं नाही. चालू प्रोजेक्ट गूगल ड्राइव्हवर ठेवू नका असं कंपनीच सांगते. तो स्वतः सेव्ह करत राहतो आणि बंद करताना बॅकअपही काढतो, त्या बॅकअपचं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर किंवा क्लाउडवर ठेवा, झिप करायचा पर्याय चालू असेल तर उत्तमच.

लायसन्स एकदाच घ्यायचं, दर महिन्याला पैसे नाहीत, पण मॅक आणि विंडोजचं वेगवेगळं. पैसे घालायचे नसतील तर विंडोजवर वायरायटर फुकट आहे, त्यातही प्रकरण आणि प्रसंग अशीच विभागणी आहे, दिसायला जुनाट वाटलं तरी काम करतं. जे पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत क्रमानेच लिहितात आणि ज्यांना तसंच सुचतं, त्यांना यातल्या निम्म्या सोयी लागणारच नाहीत, त्यांनी वर्ड सोडायची काही गरज नाही.

बाकीच्यांनी ट्रायल घ्या. ती ३० दिवसांची आहे, पण ज्या दिवशी उघडाल तोच दिवस मोजला जातो, आठवड्यातून दोनदाच उघडलं तर १५ आठवडे पुरते. बरोबर येणारं ट्युटोरियल एकदा पूर्ण करा, मग नवीन काही लिहायला न घेता अर्धवट पडलेली जुनी कादंबरी त्यात टाका, प्रसंगांचे तुकडे करा आणि कार्डं भरायला बसा. घ्यायचं की नाही ते दहा-बारा कार्डं भरेपर्यंत तुम्हाला कळलेलं असेल.