औषधाआधी प्रश्न विचारणारे दुकान (राजारामपुरी, कोल्हापूर)

डिसेंबरच्या थंडीत माझ्या शंभर लिटरच्या टाकीतील ओरांडा गोल्डफिशच्या शेपटीवर रव्याच्या कणांएवढे पांढरे ठिपके दिसू लागले, म्हणून औषध घ्यायला मी शोभेच्या माशांच्या या दुकानात गेले. दुकानदार काकांनी बाटली काढण्याआधी मोबाइलवरचा व्हिडिओ पाहिला आणि ठिपके अंगभर आहेत की फक्त कल्ल्यांच्या झाकणांवर, असे विचारले. विणीच्या काळात नर गोल्डफिशच्या कल्ल्यांवर आणि छातीच्या परांच्या पुढच्या कडेवर असेच पांढरे पुरळ येते आणि तो आजार नसतो, हे मला तेव्हाच कळले. माझे मासे मात्र पर मिटून तळाशी बसत होते आणि मध्येच उसळून खड्यांवर अंग घासत होते. ते ठिपके 'इक' या परजीवीचेच निघाले.

काकांनी पुढे जे समजावले, त्यासाठी मी हा अभिप्राय लिहीत आहे. ठिपक्यातला परजीवी माशाच्या त्वचेखाली असतो, तिथे औषध पोहोचत नाही. तो गळून तळाशी जातो, कवचात विभागून शेकडो पिल्ले सोडतो आणि ती पिल्ले नवा मासा शोधत पोहत असतानाच औषधाने मरतात. म्हणूनच ठिपके दिसेनासे झाले म्हणजे रोग गेला, असे होत नाही. पाणी ऊबदार असेल तर हे चक्र काही दिवसांत फिरते, थंड असेल तर काही आठवडे रेंगाळते.

माझ्या टाकीचे पाणी २१ अंशांवर होते. हीटरने ते दोन दिवसांत हळूहळू २८ अंशांवर न्यायचे, गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळत असल्यामुळे एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवायचा, फिल्टरमधला कोळसा औषध शोषून घेतो म्हणून तो काढायचा आणि पाणी बदलताना नळीने तळाचा गाळ ओढून घ्यायचा, असे त्यांनी सांगितले. मॅलाकाइट ग्रीनच्या औषधाची एकच लहान बाटली दिली. खवले नसलेल्या माशांना हे औषध बाधू शकते, म्हणून टाकीत तसे मासे नाहीत ना, याचीही खात्री करून घेतली. पाचव्या दिवशी ठिपके गेले. तरीही त्यांच्या सांगण्यावरून मी उपचार आणखी आठवडाभर चालू ठेवला आणि तिन्ही मासे वाचले.

एक तक्रार आहे. नव्याने आलेले मासे येथे वेगळे न ठेवता थेट विक्रीच्या टाक्यांत सोडले जातात आणि सगळ्या टाक्यांना एकच जाळी फिरते. इतकी जाण असलेल्या माणसाच्या दुकानात हे खटकते. त्यामुळे मी येथून मासा आणला, तरी तो किमान तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवते. औषधे मात्र सीलबंद आणि तारीख पाहून मिळतात. रविवारी संध्याकाळी गर्दीमुळे काकांना बोलायला वेळ नसतो. आजारी माशाविषयी विचारायचे असल्यास इतर दिवशी दुपारी जावे आणि माशाचा व्हिडिओ व पाण्याचे तापमान सोबत न्यावे.