मालडबा दुहेरी फळ्यांचा की एकेरी?

पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने रेल्वे ताब्यात घेतल्या आणि १९१८मध्ये मालडब्यांचे प्रमाण नमुने ठरवले. त्यातले दोन चारी बाजूंनी बंद डबे रेल्वेच्या छोट्या प्रतिकृती करणाऱ्या शौकिनांचे आजही लाडके: ४० टन माल नेणारा दुहेरी फळ्यांचा (२४,५०० नग) आणि ५० टन माल नेणारा एकेरी फळ्यांचा (२५,०००).

दुहेरीत आतबाहेर लाकूड, सांगाडा झाकलेला. एकेरीत फळ्या फक्त आतून, पोलादी तिरके पट्टे बाहेर उघडे. १:८७ मापात दोन्ही सुमारे १४ सेंटिमीटर लांब.

नवशिक्याने दुहेरी घ्यावा. बाजू सपाट, अक्षरांचं डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायचा पातळ छापील पापुद्रा) सरळ बसतं. फक्त फळ्यांच्या खाचांत ते द्रावणाने मऊ करून दाबावं लागतं. एकेरीवर मात्र अक्षरं पट्ट्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत बसवायची. माझा एक आकडा पट्ट्यावर चढला, तो सोडवताना फाटलाच.

तरी माझं मत एकेरीला. तिरका उजेड पडला की पट्ट्यांची सावली फळ्यांवर उतरते, तो देखणेपणा सपाट बाजूला नाही. मात्र १९५०च्या दशकातल्या रेल्वे यार्डाची प्रतिकृती करत असाल तर मूळ रूपातला दुहेरी जपून वापरा. तोवर अनेक दुहेरी डब्यांना पोलादी बाजू बसल्या होत्या.