कासदाह तपासायचं किट अन् टीट डिप कप: घ्या, पण स्टॉलवाल्याचं सगळं खरं मानू नका

मोशीच्या किसान प्रदर्शनातून आणलेला हा सेट आता गोठ्यात चांगला रुळलाय, नवलाई पण संपलीय, तेव्हा आता खरं काय ते लिहितो. गोठा आमचा हवेली तालुक्यात नदीच्या बाजूला, सगळ्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाया, धार हातानेच, बहुतेक आईच काढते. सेटमध्ये चार खळग्यांचं पॅडल, त्याचं जांभळं सीएमटी (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट, म्हणजे कासदाह ओळखायचं) लिक्विड, आयोडीनचं टीट डिप म्हणजे धारेनंतर सड बुचकळायचं औषध, डिपचा दाबायचा कप आणि वर एक काळ्या चकतीचा स्ट्रिप कप, सगळं मिळून दोन हजाराच्या आत बसलं. एका गाईला दगडी, म्हणजे कासदाह, कासेला सूज, झाली की डॉक्टर, इंजेक्शनं, ट्यूबा आणि ओतून दिलेलं दूध यात त्याच्या कितीतरी पट पैसे जातात हे गोठेवाल्याला सांगायची गरज नाही.

आधी पॅडलचं सांगतो कारण पैसे वसूल झाले ते त्यानेच. पहिल्या दोनचार धारा सोडून द्यायच्या, मग चार सडांचं दूध चार खळग्यांत घ्यायचं, पॅडल जरा तिरकं करून जास्तीचं सांडायचं म्हणजे प्रत्येकात साधारण 2 मिली राहतं, तेवढंच लिक्विड टाकायचं आणि हळूहळू गोल फिरवायचं. 10 सेकंदात समजायला लागतं. चांगल्या सडाचं दूध पाण्यासारखं पळतं आणि खराब सडाचं भेंडीच्या बुळबुळीसारखं घट्ट होऊन मधे गोळा होतं. गंमत म्हणजे ज्या गाईचं असं झालं तिची कास मऊ होती, दूध पांढरंशुभ्र, खाणंपिणं व्यवस्थित, कुणाला शंका पण आली नसती. याला डॉक्टर सुप्त कासदाह म्हणतात. बाहेरून काहीच दिसत नाही, फक्त दूध कमी होत जातं आणि एसएनएफ (दुधातला फॅट सोडून बाकीचा घन भाग) पडतो, मग आपण डेअरीवाल्याच्या मशीनला शिव्या घालत बसतो. सडात जंतू शिरले की शरीर तिथे पांढऱ्या पेशी पाठवतं, निरोगी कासेत त्या एका मिलीला 2 लाखाच्या आत असतात, वाढल्या की लिक्विडने त्या फुटतात आणि आतला डीएनए दुधाला चिकट करतो, एवढंच सायन्स आहे.

आता स्टॉलवाला काय म्हणाला तर "दादा, हे न्या, कासदाह विसरा". हे साफ खोटं. किट सांगतं कुठला सड बिघडलाय, का बिघडला ते सांगत नाही, आणि ते का आपल्याच गोठ्यात शोधावं लागतं. आमच्याकडे पॅडल फिरवल्यावर जो पॅटर्न दिसला त्यात मागचे सड जास्त होते, तिसऱ्या वेताच्या पुढच्या गाया जास्त आणि गव्हाणीच्या त्या टोकाला बांधलेल्या जास्त, जिथे कोब्याला उतार नाही आणि मूत साचतं. मागचे सड तसेही शेणाला जवळ, त्यात गाय बसली की थेट ओल्यातच. वेतं वाढत जातात तसं सडाचं तोंड सैल होतं, धार काढली नसताना पण दूध ठिबकतं, आणि दूध बाहेर येऊ शकतं तिथून जंतू आत जाऊ शकतात. व्यायल्यानंतरचे पहिले काही आठवडे तर फारच नाजूक, दूध एकदम वाढलेलं असतं आणि खाणं तेवढं वाढलेलं नसतं. पावसाळ्यात आमचा नदीकडचा गोठा वाळतच नाही, तेव्हा हे सगळं एकदम अंगावर येतं.

दुसरी गोष्ट फडकं. अर्ध्या गावात एका बादलीत एक फडकं भिजवून सगळ्या गायांच्या कासा पुसतात. स्टॅफ नावाचा जंतू आहे तो असाच फिरतो, फडक्याने, हाताने, मशीनने एका सडातून दुसऱ्या गाईच्या सडात, आणि एकदा कासेत खोल बसला की औषधालाही दाद देत नाही. ज्या गाईचं पॅडलवर घट्ट झालं तिची धार आता आम्ही सगळ्यात शेवटी काढतो, याला एक रुपया लागत नाही. आणि कृपा करून पाइप लावून अख्खी कास धुऊ नका, वरचं सगळं घाण पाणी ओघळून सडाच्या टोकालाच येतं. फक्त सड धुवायचे आणि कोरडे करायचे, प्रत्येक गाईला वेगळं फडकं नायतर पेपर.

स्ट्रिप कप फुकटात आलाय पण बरा आहे. पहिल्या धारा त्याच्यावर मारल्या की काळ्यावर गुठळ्या, चोथा, पाणचटपणा लगेच दिसतो. लोक त्या धारा खाली जमिनीवर मारतात नायतर तळहातावर घेऊन बघतात, म्हणजे रोग असला तर तो आधी हाताला आणि हातावरून पुढच्या गाईला. चकती जरा पातळ आहे, गाईने एक लाथ मारली की वाकणार.

आता टीट डिप कप. यात दोन प्रकार मिळतात, घेताना नॉन रिटर्नच मागा. खालची बाटली दाबली की औषध वरच्या कपात चढतं पण परत खाली उतरत नाही, त्यामुळे सडाची घाण आख्ख्या बाटलीत मिसळत नाही. साध्या कपात दहाव्या गाईपर्यंत आयोडीन कमी आणि शेणपाणी जास्त असतं. आमच्या कपाचा व्हॉल्व मस्त आहे, अजून गळला नाही. धार संपली की लगेच प्रत्येक सड निम्म्याच्या वर बुडेल असा बुचकळायचा, टोकाला तपकिरी थेंब लटकलेला दिसला पाहिजे. धारेनंतर सडाचं तोंड अर्धा ते एक तास उघडंच राहतं, म्हणून डिप केलं की आम्ही लगेच गव्हाणीत हिरवी वैरण टाकतो म्हणजे गाय खात उभी राहते. नुसतं डिप करून गाय शेणात बसली तर औषध फुकट गेलं.

आमचे आप्पा, म्हणजे चुलते, यावर ठाम विरोधात होते. "आमच्या बापजाद्यांनी कधी सड औषधात बुचकळले नाहीत, गाया काय मेल्या का?" मी म्हटलं आप्पा, तुमची खिलार वासराला पाजून तांब्याभर द्यायची, ही वीस लिटरची बाई आहे, हिच्या कासेवर किती लोड येतो बघा की. पटलं नाही, पण आता संध्याकाळी कप घेऊन तेच फिरतात. अंगठा दुमडून धार ओढायची सवय मात्र त्यांची काही जात नाही, त्याने सडाला आतून इजा होते, मूठ वळूनच काढावी.

नावडलेलं पण सांगतो. डिपच्या बाटलीवर आयोडीन किती टक्के ते कुठेच छापलं नव्हतं. 0.5 ते 1 टक्का पाहिजे आणि सोबत ग्लिसरीन, नायतर सड तडकतात, आणि तडकलेल्या सडात जंतू मजेत राहतात. फोन केला तर "चांगलंच आहे साहेब" एवढंच उत्तर. पुढची बाटली मी लेबल वाचून दुसरीकडून घेतली. मराठी माहितीपत्रक वाचून तर डोकं धरलं, आणि मुख्य गोष्ट त्यात नाहीच, की नुकत्याच व्यायलेल्या गाईचं चिकाचं दूध आणि आटत आलेल्या गाईचं दूध पॅडलवर तसंही घट्ट दिसतं, त्यावरून घाबरायचं नाही. तपासलेलं दूध कॅनमध्ये परत ओतू नका हे पण लिहायला पाहिजे होतं.

मशीनने धार काढणाऱ्यांनी वाटून घेऊ नका की हे आपल्याला लागू नाही. शेजारच्या गोठ्यात सिंगल बकेट मशीन आहे, तिचे रबर लायनर, म्हणजे सडावर बसणाऱ्या रबरी नळ्या, घेतल्यापासून बदललेच नाहीत. साधारण 2500 धारांनंतर लायनर बदलायचा असतो, म्हणजे दहा गाया दोन वेळ धरल्या तर चार महिन्यांत संपला. चिरलेल्या लायनरमध्ये जंतू बसतात आणि दूध संपल्यावर पण मशीन ओढतच राहिली की सडाची टोकं कडक होऊन फाटतात. तिथे तर मशीन लावून माणूस चहा प्यायला जातो.

पॅडलवर घट्ट आलं म्हणून मेडिकलमधून औषधाची ट्यूब आणून स्वतः सडात सोडायची नाही. टोक स्पिरिटने पुसल्याशिवाय ट्यूब घातली तर बाहेरचे जंतू आपणच आत ढकलतो. डॉक्टरांना बोलवा, सरकारी फिरत्या पथकासाठी 1962 नंबर आहे, आणि सारखंच होत असेल तर त्यांच्यामार्फत दुधाचा नमुना पुण्यातल्या औंधच्या रोग अन्वेषण विभागाच्या लॅबला पाठवायचं विचारा म्हणजे कुठलं औषध चालेल ते कळतं. औषध चालू असताना आणि नंतर लेबलवर दिलंय तेवढे दिवस डेअरीत दूध घालू नका. गाय आटवताना चारी सडांत सोडायच्या ट्यूबांचं पण तेव्हाच विचारून घ्या, भाकड काळात शिरलेला जंतू व्यायल्यावर डोकं वर काढतो.

रेटिंग द्यायचं तर पॅडल आणि लिक्विडला पाचपैकी पाच, कपाला साडेचार, डिपच्या औषधाला दोन, आणि माहितीपत्रकाला शून्य. चारपाच गायांचा गोठा असेल तर लिक्विडची छोटी बाटलीच घ्या, महिन्यातून एकदा सगळ्या तपासल्या तरी खूप दिवस पुरते. पॅडल सुटं पण मिळतं, आख्खा सेट घ्यायलाच पाहिजे असं नाही. आयोडीन उन्हात ठेवू नका, आमच्याकडे खिडकीत ठेवलेल्या बाटलीचा रंगच उडाला.